गिअर शिफ्टर बदलताय? या चुका टाळा

स्पोर्ट्स कार घेतली की पहिला हात गिअर लिव्हरला लागतो, आणि पहिला बदलही तिथेच करावासा वाटतो. छोटा थ्रो (गिअर टाकताना लिव्हरचा प्रवास), खटकन पडणारा गिअर, मुठीत भरणारा नॉब (लिव्हरवरची मूठ). ही हौस मला पूर्ण मान्य आहे. कामही फार अवघड नाही. पण शिफ्टर बदलल्यावर बिघडून आलेल्या गाड्या बघितल्या, की फिरून फिरून त्याच चुका दिसतात. त्यातल्या निम्म्या तर पाना हातात घेण्याआधीच झालेल्या असतात.

दोष शिफ्टरचाच आहे असं धरून चालणं

"गिअर नीट पडत नाही, म्हणून शॉर्ट शिफ्टर बसवतोय." असं कुणी म्हणालं की मी त्याला तिथेच थांबवतो. शॉर्ट शिफ्टर म्हणजे थ्रो छोटा करणारा लिव्हर. शॉर्ट शिफ्टरने गिअर हलका होत नाही, जड होतो. लिव्हर म्हणजे साधी तरफ. टेकू वर सरकवला, की टेकूच्या वरचा भाग आखूड होतो आणि खालचा लांब. हाताचा प्रवास जेवढा घटतो, त्या हिशेबात जोर वाढतो. थ्रो 30 टक्के कमी केला, तर त्याच गिअरला 40 टक्क्यांहून जास्त जोर लागतो. त्यात सिंक्रोनायझरला दोन फिरत्या भागांचे वेग जुळवायला क्षणभर वेळ हवा असतो. प्रवास कमी झाला म्हणून तो वेळ कमी होत नाही. आधीच अडणाऱ्या गिअरवर शॉर्ट शिफ्टर लावला, तर तो जास्तच अडणार.

एक मुलगा दोन सीटची, उघड्या टपाची गाडी घेऊन आला होता. दुसरा गिअर अडायचा, रिव्हर्स टाकताना करकर आवाज यायचा. त्याने शॉर्ट शिफ्टर बसवला. गिअर आणखी अडायला लागला. मग त्याला वाटलं की हा शिफ्टरच खराब निघाला, म्हणून दुसरा मागवला. तोही तसाच. मग कुणीतरी सांगितलं म्हणून वजनदार नॉब लावला. नॉबच्या वजनाने झटका वाढला आणि गिअर दणक्याने आत जायला लागला, म्हणून काही दिवस तो खूशही होता. माझ्याकडे आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. "दादा, गिअरबॉक्स उघडावा लागेल का?"

मी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले. एकही अडला नाही. इंजिन चालू केलं, क्लच तळापर्यंत दाबून थोडा थांबलो आणि रिव्हर्स टाकला. करकर. म्हणजे क्लच पूर्ण सुटतच नव्हता. पेडल दाबलेलं असतानाही इंजिन गिअरबॉक्सच्या शाफ्टला थोडं थोडं ओढत होतं. गाडीखाली गेलो तर क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरचं (पेडलच्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) रबर ओलं होतं, आणि वर क्लचच्या डब्यातलं तेल खाली उतरलेलं. सिलिंडर बदलला, एअर काढली, त्याचा मूळचा शिफ्टर परत टाकला. गिअर सरळ पडायला लागले. पण मधल्या काळात जोर लावून लावून दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली होती, ती काही परत येणार नव्हती. गाडी थंड असताना तो गिअर अजूनही अडतो. ज्या गाडीला फक्त एक सिलिंडर हवा होता, तिच्या गिअरबॉक्सचं आयुष्य कमी झालं, आणि तेही पाच मिनिटांची तपासणी न केल्यामुळे.

म्हणून काहीही मागवण्याआधी हे करा. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो आणि चालू असताना अडतो, तर क्लच बघा. दोन्ही वेळा अडतो, तर लिंकेज (लिव्हर ते गिअरबॉक्स जोडणारे दांडे किंवा केबल), बुश (सांध्यातली नायलॉनची किंवा रबराची कडी) किंवा शिफ्टर. फक्त थंड असताना जड, तर तेल. एकच गिअर अडतो आणि बाकीचे चांगले, तर त्या गिअरचा सिंक्रो. न्यूट्रलमध्ये लिव्हर सैल लोळतो, तर बुश. ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना लिव्हर पुढे-मागे हलतो, तर इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे माउंट (ज्या रबरी आधारांवर ते बसतात). यातल्या बऱ्याच गोष्टी नव्या शिफ्टरपेक्षा स्वस्तात निघतात. जुन्या गाडीत नुसते बुश बदलले तरी लिव्हर इतका घट्ट लागतो, की कित्येकांचा शॉर्ट शिफ्टरचा विचारच मावळतो.

तेलाचं इथेच सांगतो. जीएल-4, जीएल-5 या गिअरच्या तेलाच्या प्रती. मॅन्युअलमध्ये जीएल-4 लिहिलं असेल तर जीएल-4च घाला. जीएल-5 मध्ये जास्त दाब सोसण्यासाठी सल्फर-फॉस्फरसची मात्रा जास्त असते. डिफरेन्शियलसाठी ते चांगलं, पण सिंक्रोच्या पितळी रिंगांना हवं ते घर्षण त्यातून मिळेलच असं नाही. "आकडा मोठा म्हणजे तेल भारी" हा हिशेब इथे लागू नाही.

गाडीची रचना न बघता दुसऱ्याचा व्हिडिओ बघून सुरुवात करणं

माझदा एमएक्स-5 मध्ये गिअरबॉक्स लिव्हरच्या थेट खाली असतो. लिव्हरचं टोक सरळ आत जातं आणि सगळं काम गाडीच्या आतून होतं. बीएमडब्ल्यूच्या मॅन्युअल गाड्यांत लिव्हर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये सिलेक्टर रॉड असतो. तिथे खालून हात घालावा लागतो, त्यासाठी बहुधा सायलेन्सरची लाइन आणि उष्णता अडवणारे पत्रे उतरवावे लागतात. पोर्श बॉक्सटर किंवा लोटस एलिसमध्ये इंजिन सीटच्या मागे, म्हणून लिव्हरपासून मागे केबल जातात. ही तीन कामं तीन वेगळ्या जातीची आहेत. पहिलं एका सकाळी होतं. दुसऱ्यात जॅक स्टँडशिवाय गाडीखाली जायचं नाही, आणि सायलेन्सर गार होईपर्यंत तर मुळीच नाही. तिसऱ्यात केबलच्या टोकाची प्लॅस्टिकची टोपणं उन्हाने आणि उष्णतेने कडक झालेली असतात. स्क्रूड्रायव्हरने एका बाजूने उचकली की तुटतात, आणि टोपणासाठी अख्खी केबल घ्यावी लागते. दोन्ही बाजूंनी सारखा जोर देऊन, सावकाश, सरळ वर काढायची.

नॉबचंही तेच. काही गाड्यांत तो आट्यांवर फिरवून निघतो. बीएमडब्ल्यूचा बहुतेक नॉब नुसता दाबून बसवलेला असतो आणि सरळ वर ओढून काढायचा असतो. तो पिळला तर आतली खाच मोडते. ओढताना तोंड बाजूला ठेवा, तो निघतो तेव्हा एकदम निघतो.

छोट्या चुका, पण रोजच्या

लिव्हर काढल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून अडवता येत नाही. फक्त हँडब्रेकवर विसंबू नका, चाकांना अडण लावा.

कन्सोल (लिव्हरभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण) उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अनेक गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट तिथेच खाली असतं.

जुने सर्क्लिप (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) आणि नायलॉनचे वॉशर परत वापरू नका. नवा शिफ्टर आणि जुना बुश ही जोडी म्हणजे पैसे खर्चून तोच खडखडाट.

ग्रीस रबर आणि नायलॉनला चालणारं घ्या, आणि पातळ थर द्या. थापलेलं ग्रीस धूळ धरतं.

सगळे बुश धातूचे करण्याचा मोह आवरा. रोज चालवायच्या गाडीत गिअरबॉक्सची थरथर तुमच्या तळहातात येते.

उघडं तोंड आणि फाटलेलं बूट

लिव्हर थेट गिअरबॉक्समध्ये जातो त्या गाड्यांत, लिव्हर बाहेर आला की खाली गिअरबॉक्सचं उघडं तोंड असतं. त्यात वॉशर पडला, जुन्या बुशचा तुकडा पडला, नुसती माती पडली, तरी पुढचं काम कितीतरी पटींनी वाढतं. म्हणून लिव्हर उचलण्याआधी मी आजूबाजूची धूळ व्हॅक्यूमने ओढून घेतो, आणि उचलल्याक्षणी तोंडात स्वच्छ, धागे न सुटणारं फडकं बसवतो. ते एवढं मोठं घ्यायचं की निम्मं बाहेर राहील. लिव्हरच्या टोकाचा नायलॉन बुश अख्खा बाहेर आला आहे ना, हे हातात धरून बघायचं. तुटलेला असेल तर सगळे तुकडे जुळवून पूर्ण वर्तुळ होईपर्यंत पुढे जायचं नाही. एमएक्स-5 च्या पहिल्या दोन पिढ्यांच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये लिव्हरच्या खोबणीत स्वतःचं वेगळं तेल असतं. लिव्हर काढलाच आहे तर ते काळं तेल ओढून नवं भरा. गिअरबॉक्सचं तेल बदललं म्हणजे तेही बदललं असं होत नाही.

आणि आतलं रबरी बूट, म्हणजे लिव्हरच्या बुडाभोवतीचं आवरण. वरचं चामड्याचं दिसतं म्हणून लोक तेच हौसेने बदलतात. खालचं फाटलेलं असतं ते तसंच ठेवून कन्सोल बंद करतात. मग आत गरम हवा येते, आवाज येतो, तेलाचा वास येतो, आणि दोष नव्या शिफ्टरवर जातो. लिव्हर बाहेर असताना ते बदलायला दहा मिनिटं जास्त लागतात. नंतर बदलायचं म्हणजे सगळं काम पहिल्यापासून.

तपासण्याआधी कन्सोल बंद करणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती निव्वळ उतावीळपणातून होते. शेवटचा नट आवळला की नव्या माणसाला कधी एकदा सगळं बंद करून चक्कर मारतोय असं होतं.

काही शिफ्टरला पुढे-मागे मर्यादा घालणारे स्टॉप बोल्ट असतात. फोर्ड मस्टँगच्या टी-5 गिअरबॉक्ससाठी मिळणाऱ्या अनेक शिफ्टरमध्ये ते दिसतात. गिअर पूर्ण बसल्यावरही हाताचा जोर पुढे चालू राहिला तर तो आतल्या शिफ्ट फोर्कवर (गिअर जागेवर सरकवणाऱ्या काट्यावर) जातो आणि फोर्क वाकतो. ते होऊ नये म्हणून हे बोल्ट. पण ते जास्त आत घेतले, तर गिअर पूर्ण बसण्याआधीच लिव्हर अडतो. गिअर अर्धवट दातांवर चालतो, जोर पडला की सुटतो, आणि दर वेळी सुटताना दातांच्या कडा खातो. एका गाडीत तिसरा गिअर असाच सुटत होता. मालकाने बोल्ट हाताला "टाइट" लागेपर्यंत आवळले होते आणि त्यावर कन्सोल बसवला होता. बोल्ट मागे घेतले तेव्हा गिअर आणखी आत गेला, पण दातांच्या कडा तोवर गोल झाल्या होत्या. गिअरबॉक्स शेवटी खोलावाच लागला.

शिफ्टरबरोबर आलेला कागद वाचा. माझी पद्धत अशी: स्टॉप पूर्ण मागे घेऊन गिअर शेवटपर्यंत टाकायचा, मग बोल्ट लिव्हरला टेकेपर्यंत आणून केसभर मागे घ्यायचा, आणि बोल्ट हलू न देता लॉक नट आवळायचा. पुढच्या बाजूला एकदा, मागच्या बाजूला एकदा. केबलच्या गाडीत केबलचं ॲडजस्टमेंट याच वेळी बघायचं. न्यूट्रलमध्ये लिव्हर बरोबर मधल्या रेषेवर उभा राहिला पाहिजे.

मग कन्सोल उघडाच ठेवून, इंजिन बंद, प्रत्येक गिअर दोनदा टाकायचा. रिव्हर्समध्ये मागचा दिवा लागतो का बघायचा, त्यासाठी बॅटरी जोडून इग्निशन चालू करावं लागेल. टोयोटा 86 सारख्या गाडीत नॉबखालची रिंग वर ओढल्याशिवाय रिव्हर्स पडत नाही ना, तेही बघायचं, कारण नॉब बदलताना ती यंत्रणा निकामी झालेली मी पाहिली आहे. इंजिन सुरू करताना सीटवर बसून, क्लच दाबून करायचं. खिडकीतून हात घालून किल्ली फिरवायची नाही, तुम्हाला न्यूट्रल वाटतंय ते न्यूट्रल असेलच असं नाही.

पहिल्याच दिवशी पळवणं

नव्या शिफ्टरमध्ये गिअरच्या वाटा जवळ आलेल्या असतात आणि हाताला जुनं अंतर पाठ असतं. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना चुकून दुसरा पडला, तर काय होतं बघा. दुसऱ्याचं गुणोत्तर तिसऱ्याच्या साधारण दीडपट धरा. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला 7,000 फेऱ्यांवर असेल, तर क्लच सोडताच चाकं त्याला 10,500 कडे ढकलतात. रेव्ह लिमिटर इथे काही करू शकत नाही. तो फक्त इंधन तोडतो, इंजिनाला तर चाकंच फिरवत असतात. व्हॉल्व्ह पिस्टनला लागले की इंजिन संपलं.

म्हणून पहिले काही दिवस हळू चालवा. लिव्हर मुठीत आवळू नका, उघड्या तळहाताने ढकला आणि मधल्या रेषेवर तो आपोआप येऊ द्या. थोडं चालवून झाल्यावर कन्सोल पुन्हा एकदा उघडा, बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, खाली तेलाचा ओलावा आहे का बघा. ट्रिमचे शेवटचे स्क्रू मी तेव्हाच लावतो.