अमेरिकेत स्टेटस गेलं, तर परत येऊन दुसऱ्या देशात बस्तान कसं बसवायचं

मी २०१२ ला एफ-वनवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, एमएस करायला न्यू जर्सीला गेलो, दुसऱ्या सेमिस्टरला बाबांचं आजारपण निघालं, फी भरता आली नाही, कॉलेजने नाव काढलं, त्याबरोबर स्टेटस, म्हणजे तिथे कायदेशीर राहायचा हक्क, गेलं आणि मी घरी यायच्या ऐवजी गॅस स्टेशनवर रोखीवर कामाला लागलो. न्यू जर्सीत गाडीवाल्याने स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे पंपावर माणूस लागतोच, आणि तो माणूस बऱ्याचदा आपल्यातलाच असतो. आठ वर्षं गेली अशी. २०२१ च्या नोव्हेंबरात स्वतःहून निघालो कारण पासपोर्ट जानेवारीत संपणार होता, मग दोन वर्षं मिरज आणि पुणे, आणि २०२४ पासून जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरी करतोय. अधूनमधून कोणीतरी दबक्या आवाजात फोन करून विचारतं की तू कसं केलंस, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. मी वकील नाही हे ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, आपली केस नक्की कुठली ते ओळखा. मी आठ वर्षं धरून चाललेलो की निघालो की परत अमेरिकेत यायला दहा वर्षांची बंदी लागणार, पंपावर सगळे तेच सांगायचे, आणि त्या भीतीनेच मी निघत नव्हतो. बंदीचा नियम असाय की बेकायदा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आत असेल तर तीन वर्षं, वर्ष किंवा त्याहून जास्त असेल तर दहा वर्षं, आणि ती लागते तुम्ही देश सोडल्यावर. पण हा मुक्काम मोजायचा कुठून? आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीवर, तारीख असेल (व्हिजिटर, नोकरीचा एच-वन, त्याच्या कुटुंबाचा एच-फोर वगैरे), तर साधारण त्या तारखेनंतर. स्टुडंटच्या आय-९४ वर तारखेच्या जागी डी स्लॅश एस (म्हणजे स्टेटस आहे तोवर) असेल तर अधिकाऱ्याने किंवा इमिग्रेशन जजने स्टेटस मोडल्याचा निर्णय दिल्याशिवाय हे दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. २०१८ मध्ये सरकारने हे बदलायचा प्रयत्न केला होता, २०२० मध्ये कोर्टाने तो कायमचा अडवला. २०२५ मध्ये स्टुडंटनाही ठराविक तारीख द्यायचा प्रस्ताव आलाय, त्यामुळे माझ्यावर जाऊ नका, स्वतःचं आय-९४ सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा खात्याच्या) साइटवरून काढा आणि प्रिंट घेऊन इमिग्रेशनच्याच वकिलाकडे जा. माझ्या वकिलाने अर्ध्या तासात सांगितलं की तुला दहा वर्षांची बंदी नाहीये. स्टेटस मोडलंय ते मोडलंयच, परत व्हिसा मिळणं अवघडच, पण बंदी नाही. त्या अर्ध्या तासाचे दीडशे डॉलर घेतले आणि मला आठ वर्षांत ते सुचलं नव्हतं!

आईबापाबरोबर लहानपणी गेलेल्या पोरांसाठी एक वेगळं सांगतो. अठरा वर्षांखालचे दिवस या मोजणीत धरत नाहीत. म्हणजे साडेअठराच्या आत बाहेर पडलं तर ही तीन-दहावाली भानगडच नाही. घरात असं पोर असेल तर वाढदिवसाचा केक कापायच्या आधी वकील गाठा.

इमिग्रेशन कोर्टात केस चालू असेल तर मात्र गपचूप विमानात बसू नका, तारखेला हजर नसलात तर मागे रिमूव्हलची, म्हणजे देशाबाहेर काढायची, ऑर्डर निघते आणि तिची बंदी वेगळी. जजकडे व्हॉलंटरी डिपार्चर (स्वतःहून निघायची परवानगी) मागता येतं, पण मिळालं तर दिलेल्या मुदतीत निघावंच लागतं. २०२५ मध्ये सीबीपी होम नावाचं ॲप आलं, स्वतःहून जाणाऱ्याला तिकीट आणि हजार डॉलर असं मे महिन्यात जाहीर केलं, मी त्याच्या आधीच आलेलो. माझं मत विचाराल तर हजार डॉलर नंतर, आधी कोर्टात आपल्या नावावर काही आहे का ते बघा. आणि एकदा निघाल्यावर मेक्सिको किंवा कॅनडाच्या बॉर्डरने परत घुसायचा विचार डोक्यातून काढून टाका, वर्षाहून जास्त बेकायदा राहून निघालेला माणूस तसा घुसला तर बंदी कायमची. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला अमेरिकेने परत पाठवलेल्यांचं जे लष्करी विमान उतरलं त्यातल्या १०४ जणांत तिघे महाराष्ट्रातले होते, तेव्हा हे फक्त पंजाब-गुजरातचं दुखणं आहे असं समजू नका.

आता निघण्याचा दिवस. नेवार्कच्या विमानतळावर माझे पाय लटपटत होते, आता कोणीतरी बाजूला घेणार असं वाटत होतं. झालं काय, तर अमेरिकेतून निघताना पासपोर्टवर शिक्का मारायला काउंटरच नाही. बॅग दिली, सिक्युरिटी झाली, विमानात बसलो. नोंद एअरलाइनच्या यादीवरून होते. म्हणून तुमचा पुरावा तुम्हीच ठेवायचा: बोर्डिंग पास, तिकीट आणि मुंबईला पासपोर्टवर पडलेला शिक्का, तिन्हीचे फोटो काढून मेलवर टाका, बोर्डिंग पासची शाई वर्षभरात उडते. माझं पुढचं सगळं या एका तारखेवर उभं राहिलं. पासपोर्ट संपलेला असेल तर कॉन्सुलेटकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, ते फक्त भारतात यायला चालतं. कॉलेजची ट्रान्स्क्रिप्ट, टॅक्स भरला असेल तर ती रिटर्न्स, दवाखान्याचे कागद तिथे असतानाच काढा, इथून मागवताना जीव जातो.

रोखीवर काम करणाऱ्यांकडे रोखच असते. दहा हजार डॉलरच्या वर घेऊन निघणार असाल तर अमेरिकेत डिक्लेअर करावे लागतात, आणि भारतात नुसत्या नोटा पाच हजार डॉलरच्या वर असतील तरी उतरल्यावर फॉर्म भरायचा. डिक्लेअर केलं म्हणजे टॅक्स लागत नाही, लपवलं तर मात्र जप्त होतात. सॉक्समध्ये वगैरे लपवायचा शहाणपणा नको.

मिरजेत उतरलो तेव्हा पासपोर्टच्या कव्हरात २०१२ च्या पाचशेच्या तीन नोटा होत्या, जुन्या. नोटबंदी होऊन पाच वर्षं झालेली. दुसऱ्या दिवशी मंडईत मेथीची पेंडी घेतली तर मावशी म्हणाली सुट्टे नाहीत, फोनपे करा की. माझ्याकडे ना आधार, ना चालू बँक खातं, ना स्वतःच्या नावाचं सिम. तर आल्या आल्या हाच क्रम: आधार, मग सिम, पॅनला आधार लिंक, मग बँक. हे महिन्या-दीड महिन्याचं काम आहे, तेवढ्यात बाकी काही होत नाही, चिडू नका.

पाहुण्यांचं काय करायचं? प्रत्येक जण विचारतो परत कधी जाणार. मी पहिले दोन महिने थापा मारल्या, मग कुणाला काय सांगितलं तेच लक्षात राहीना. शेवटी एकच वाक्य ठरवलं, 'शिक्षण अर्धवट राहिलं, आता इथे काम बघतोय', आणि लगेच त्यांच्या पोरांची चौकशी करायची.

खरी अडचण सीव्हीची. आठ वर्षांचं भगदाड. पुण्यात एका एजंटने चाळीस हजारात हैदराबादच्या कंपनीचं एक्स्पीरियन्स लेटर देतो म्हणून सांगितलं, पगाराच्या स्लिपासकट. मोह झाला, खोटं का बोलू. पण जर्मन लोक सीव्हीतला महिना न् महिना विचारतात आणि कंपनीला फोन लावतात. मी लिहिलं 'न्यू जर्सी, फ्यूएल रिटेल, शिफ्ट आणि हिशोब', आणि त्याच्या वर पुण्यात चाकणला एका छोट्या कारखान्यात कमी पगारावर दीड वर्ष केलेलं क्वालिटीचं काम. इंटरव्ह्यूत त्यांनी त्या दीड वर्षावरच चाळीस मिनिटं घेतली. म्हणून आधी भारतात आपल्या डिग्रीतलं काम मिळवा, पगार कितीही असो, त्याशिवाय बाहेर अप्लाय करून उपयोग नाही. सकाळी सातला मॅक्सम्युलर भवनचा जर्मनचा क्लास आणि मग चाकणची बस, असं ए-टू पातळीपर्यंत केलं.

व्हिसाच्या फॉर्मवर खोटं लिहू नका. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे पाच देश आपसात माहिती देतात, बोटांचे ठसे धरून. कॅनडाच्या फॉर्मवर व्हिसा नाकारला होता का, देश सोडायला सांगितलं होतं का असं सरळ विचारतात, आणि खोटं सापडलं तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. जे विचारलंय तेवढंच उत्तर द्या पण खरं द्या, सोबत एक पानाचं पत्र जोडा की अमुक तारखेला आलो, अमुक कारणाने स्टेटस गेलं, अमुक तारखेला स्वतःहून निघालो, आणि खाली बोर्डिंग पास.

जर्मनीसाठी आपलं कॉलेज आणि डिग्री अनाबिन या फुकटच्या सरकारी डेटाबेसमध्ये बघा, कॉलेजपुढे एच प्लस (म्हणजे मान्यता असलेलं) हवं. नोकरी हातात असेल तर ब्लू कार्ड (डिग्रीवाल्यांचा नोकरीचा परवाना), नसेल तर जून २०२४ पासून शान्सनकार्टे (नोकरी शोधायचा परवाना) आहे, पॉइंटवर मिळतं, वर्षभर तिथे राहून नोकरी शोधायची, पण तेवढ्या दिवसांच्या खर्चाचे पैसे आधी दाखवावे लागतात.

इथे आल्यावर दोन आठवड्यांत राहत्या पत्त्याची नोंदणी करायची, त्याला घरमालकाचा सहीचा कागद लागतो, घर बघतानाच तो देणार का विचारून घ्या. आणि नोंदणी झाली की लगेच पत्रपेटीवर आणि बेलवर आडनाव लावा, नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. न्यू जर्सीत माझं नाव कुठेच नव्हतं, घरभाडं मित्राच्या नावावर, फोन त्याच्या फॅमिली प्लॅनमध्ये, विजेचं बिल तिसऱ्याच्याच. इथे मी चिकटपट्टीवर पेनने आडनाव लिहिलं, शेजारच्या आजी येऊन म्हणाल्या नीट अक्षरात लाव, वाचता येत नाही. दुसऱ्यांदा प्रिंट काढून लावलं. तीन आठवड्यांनी टॅक्स नंबरचं पत्र त्याच पेटीत आलं, तो नंबर लगेच एचआरला द्या नाहीतर पहिल्या पगारातून टॅक्स भलताच कापतात, माझा कापला होता, नंतर मिळाला परत.

ब्लू कार्डवर कायमचा परवाना सत्तावीस महिन्यांनी मिळतो, बी-वन (ए-टूच्या पुढची पातळी) जर्मन असेल तर एकवीस. तेव्हा इथे आल्यावर जर्मनचा क्लास सोडू नका. मी मध्ये पाच महिने सोडला होता आणि बी-वनला बोलण्याच्या परीक्षेत नापास झालो.