ओढलेली वस्तू मागे का जाते? झेड-इंडेक्सच्या या चुका टाळा

चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी येऊ न शकलेल्या भाचरांसाठी मी एक छोटे वेबपेज केले होते. वर माटोळीची, म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर फळे-पाने बांधून करतात त्या सजावटीची, रिकामी लाकडी चौकट आणि खाली परडी. परडीत आंबाडे, चिबूड, तोरिंग, कांगलां, घागऱ्या, सुपारीचा घोस, नारळांचा घड. एकेक वस्तू बोटाने ओढायची आणि चौकटीवर लावायची. फोंड्याच्या घरी खरी माटोळी बांधताना मागेपुढेपणाचा विचार कुणी वेगळा करत नाही. आधी बांधलेले मागे राहते, शेवटी बांधलेले पुढे दिसते. पडद्यावर हे आपोआप होत नाही. पहिल्याच दिवशी भाचीचा फोन आला, "मामा, चिबूड परडीतून वर काढला की चौकटीच्या मागे जातो."

झेड-इंडेक्स म्हणजे कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे दिसेल हे ठरवणारा सीएसएसमधला आकडा, मोठा आकडा पुढे. चिबडाला झेड-इंडेक्स ९९९९ दिलेला होता. चौकटीला फक्त २.

आकडा वाढवत नेणे

वस्तू मागे गेली की आकडा वाढवायचा, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. नव्वदाचे नऊशे नव्वद होतात, मग कुणीतरी २१४७४८३६४७ लिहितो, कारण ब्राउझर साधारण तेवढाच मोठा आकडा धरून ठेवतो. तरीही वस्तू मागेच.

कारण झेड-इंडेक्सचा आकडा पूर्ण पानाला लागू नसतो. तो आपल्या स्टॅकिंग कॉन्टेक्स्टपुरता असतो. स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट म्हणजे आपली परडीच समजा. परडीतल्या फळांपैकी कोणते वर, कोणते खाली हे परडीच्या आत ठरते. बाहेर मात्र अख्खी परडी एकच वस्तू म्हणून रांगेत उभी राहते. परडी चौकटीच्या मागे असेल, तर तिच्यातला चिबूडही मागेच राहणार, मग त्याचा आकडा कितीही असो.

असे कॉन्टेक्स्ट न मागता तयार होतात, आणि तेच त्रासाचे मूळ. घटकाची ओपॅसिटी (अपारदर्शकता) १ पेक्षा कमी केली, ट्रान्सफॉर्म (सरकवणे, फिरवणे), फिल्टर, क्लिप-पाथ किंवा मिक्स-ब्लेंड-मोड वापरला, पोझिशन फिक्स्ड किंवा स्टिकी केली की तो घटक नवा कॉन्टेक्स्ट बनतो. विल-चेंजमध्ये (पुढे काय बदलणार याची ब्राउझरला दिलेली सूचना) ओपॅसिटी किंवा ट्रान्सफॉर्म नुसते लिहिले तरी बनतो.

माझ्या परडीवर यातले काहीच दिसत नव्हते. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये (घटकाचे गुणधर्म दाखवणाऱ्या साधनात) ओपॅसिटी १ होती, ट्रान्सफॉर्म नव्हता. दोन संध्याकाळी शोधल्यावर कारण सापडले. पान उघडताना परडी हळूहळू उजळत यावी म्हणून ओपॅसिटीचे ॲनिमेशन दिले होते आणि त्याचा फिल-मोड फॉरवर्ड्स, म्हणजे संपल्यावरही शेवटची स्थिती टिकवणारा, होता. असे ॲनिमेशन संपले तरी ब्राउझर ते लागू असल्याचे धरतो, त्यामुळे शेवटची ओपॅसिटी १ असली तरी कॉन्टेक्स्ट टिकून राहतो. फिल-मोड काढून टाकला आणि चिबूड पुढे आला. हे मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण नुसते इन्स्पेक्टरमधले अंतिम आकडे वाचून ही चूक कधीच सापडत नाही.

शोधण्याची माझी पद्धत साधी आहे. ओढलेल्या घटकापासून सुरुवात करून एकेक पालक (ज्याच्या आत तो आहे तो घटक) वर चढत जायचे आणि प्रत्येकावरचे वर सांगितलेले गुणधर्म एकेक करून बंद करायचे. ज्या क्षणी वस्तू पुढे येईल, तिथे दोष आहे. मायक्रोसॉफ्ट एजच्या डेव्हटूल्समध्ये पानाचे थर त्रिमितीत दाखवणारे दृश्य आहे. गुंतागुंतीच्या पानासाठी ते फार उपयोगी पडते.

दोष सापडला, पण तो गुणधर्म काढणे शक्य नसेल तर? मग ओढणे सुरू असेपर्यंत वस्तूला परडीतून बाहेर काढा. बॉडीखाली एक वेगळा रिकामा थर ठेवा आणि त्यात वस्तूची प्रत ओढा. जेक्वेरी युआय या ओढण्याची तयार सोय देणाऱ्या जावास्क्रिप्ट ग्रंथालयात हेल्परला क्लोन आणि अपेंड-टूला बॉडी देऊन नेमके हेच होते. परडीला ओव्हरफ्लो हिडन किंवा ऑटो (बाहेर गेलेला भाग कापणारे) असेल तर हा मार्ग जवळजवळ अटळ आहे, कारण कापली गेलेली वस्तू कोणताही झेड-इंडेक्स परत दाखवू शकत नाही. पोझिशन फिक्स्ड करून कापणे टाळता येते खरे, पण वरच्या एखाद्या पालकावर ट्रान्सफॉर्म असला तर तेही फसते. फिक्स्ड मग पडद्याऐवजी त्या पालकाला धरून बसते.

पोझिशन विसरणे

झेड-इंडेक्स स्टॅटिक घटकावर, म्हणजे पोझिशन न दिलेल्या घटकावर, काम करत नाही. रिलेटिव्ह, ॲब्सोल्यूट, फिक्स्ड किंवा स्टिकी यांपैकी काहीतरी हवे. अपवाद फ्लेक्स आणि ग्रिड मांडणीच्या थेट मुलांचा (लगेच आतल्या घटकांचा), तिथे पोझिशन न देताही आकडा चालतो.

याच चुकीचे एक चकवणारे रूप आहे. घटक स्टॅटिकच आहे, पण ओढताना तो ट्रान्सफॉर्मने सरकवला जातो. ट्रान्सफॉर्म लागताच तो शेजारच्या स्टॅटिक घटकांच्या वर येतो, म्हणून सगळे बरोबर चालले आहे असे वाटते. वस्तू सोडली, कोडने ट्रान्सफॉर्म काढून मार्जिनने जागा दिली, की क्रम बदलतो. ओढणाऱ्याला वाटते, वस्तू सोडताना काहीतरी बिघडले. खरे तर क्रम कधी ठरवलेलाच नव्हता.

मोजक वाढवत राहणे आणि तो विसरणे

"शेवटी हात लावलेली वस्तू सर्वांत वर" यासाठी बहुतेक जण एक मोजक ठेवतात. प्रत्येक स्पर्शाला त्यात एक मिळवायचा आणि तो आकडा वस्तूला द्यायचा. काही मिनिटे हे छान चालते. मग दोन गोष्टी घडतात. आकडे चढत चढत वरच्या बटणपट्टीच्या आकड्याला ओलांडतात आणि नारळांचा घड बटणांवर येऊन बसतो. दुसरे म्हणजे, सजवलेली माटोळी लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या साठवणीत) साठवली, पान पुन्हा उघडले, साठवलेल्या वस्तूंचे आकडे चाळीस-पन्नासच्या घरात आहेत आणि मोजक मात्र पुन्हा १ वर. आता ज्या वस्तूला हात लावाल ती पुढे येण्याऐवजी मागे जाते.

क्रम आकड्यांत ठेवू नका, यादीत ठेवा. या सगळ्या लेखातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. वस्तूंच्या ओळखचिन्हांचा एक ॲरे असू द्या, मागची आधी, पुढची शेवटी. वस्तूला स्पर्श होताच तिचे चिन्ह ॲरेतून काढून शेवटी घाला. मग संपूर्ण ॲरेवरून एकदा फिरून प्रत्येकीला तिच्या जागेइतका आकडा द्या, १, २, ३ असा. वीस वस्तू असतील तर आकडा वीसच्या पुढे जातच नाही. साठवायचा तो हा ॲरे आणि वस्तूंच्या जागा, झेड-इंडेक्स साठवायचा नाही. जेक्वेरी युआयचा स्टॅक पर्यायही गटातल्या वस्तूंना असेच नव्याने ओळीत लावतो. त्याच ग्रंथालयातला झेड-इंडेक्स हा पर्याय मात्र फक्त ओढणे चालू असेपर्यंतचा असतो, सोडल्यावर जुना आकडा परत येतो. या दोघांची गल्लत फार होते.

सोबत चौकटीला आयसोलेशन हा गुणधर्म आयसोलेट या किमतीने द्या. इथे कॉन्टेक्स्ट आपण होऊन, जाणूनबुजून बनवायचा आहे, म्हणजे आतले आकडे बाहेरच्या बटणपट्टीशी कधी भिडणारच नाहीत.

ब्राउझरकडून वाचलेला झेड-इंडेक्स मजकूर म्हणून येतो, हेही लक्षात असू द्या. "३" मध्ये १ मिळवला तर ४ नाही, "३१" होतो. तुलनेत "९" हा "१०" पेक्षा मोठा ठरतो. आकडा दिलेलाच नसेल तर "ऑटो" हा शब्द हाती येतो. यादीची पद्धत घेतली की हे वाचण्याची वेळच येत नाही.

डॉममधली जागा बदलून पुढे आणणे

डॉम म्हणजे ब्राउझरने धरलेली पानातल्या घटकांची रचना. झेड-इंडेक्स सारखा असेल तर कोडमध्ये नंतर येणारा घटक वर दिसतो. म्हणून काही जण अपेंडचाइल्डने वस्तू शेवटी नेतात. एसव्हीजीमध्ये (कोडने काढलेल्या रेखाचित्रांत) हाच योग्य मार्ग आहे, कारण तिथे ब्राउझर झेड-इंडेक्स पाळत नाहीत आणि चित्रे कोडच्या क्रमानेच रंगवतात. साध्या एचटीएमएलमध्ये मात्र याची किंमत मोजावी लागते. हलवलेल्या घटकातला आयफ्रेम (आत बसवलेले दुसरे पान) पुन्हा लोड होतो, कीबोर्डचा फोकस जातो, ॲनिमेशन पहिल्यापासून सुरू होते आणि घेतलेले पॉइंटर कॅप्चर (बोटाच्या सगळ्या हालचाली त्याच घटकाकडे पाठवण्याची सोय) सुटते. हलवायचेच असेल तर आधी हलवा आणि मग कॅप्चर घ्या.

फोनवर तपासायचे राहून जाणे

भाचरे फोनवरच खेळणार होती. क्लिकवर वस्तू पुढे आणली तर उशीर होतो, कारण क्लिक बोट उचलल्यावर येतो आणि तोवर वस्तू दुसऱ्यांच्या खालून सरकलेली असते. बोट टेकताच येणाऱ्या पॉइंटरडाउनवरच पुढे आणा. ओढायच्या घटकाला टच-ॲक्शन नन द्या, नाहीतर ब्राउझर ते बोट पान सरकवण्यासाठी घेतो आणि पॉइंटरअपऐवजी पॉइंटरकॅन्सल पाठवतो. ओढणे संपल्यावरची आवराआवर फक्त पॉइंटरअपमध्ये लिहिली असेल, तर वस्तू अधांतरी राहते, सावलीसकट. दोन्ही घटनांना एकच फंक्शन जोडा.

फक्त ओढण्यावर अवलंबून राहणे

माझ्या आईचा हात थरथरतो. तिला बोट टेकवून ठेवून ओढणे जमत नाही, आणि माटोळीत कुठे काय लागते हे आमच्या घरात तिच्याएवढे कुणाला ठाऊक नाही. २०२३ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेबपाने सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या नियमावलीत, ओढून होणारे काम न ओढताही करता यावे असा निकष आहे. म्हणून प्रत्येक वस्तू निवडल्यावर "पुढे आणा" आणि "मागे न्या" अशी दोन मोठी बटणे दिली, आणि जागा बदलण्यासाठी बाणाची चार. क्रमाची दोन्ही बटणे त्याच ॲरेतली जागा बदलतात, त्यामुळे क्रमासाठी वेगळे कोड लिहावे लागले नाही. टॅबचा क्रम मात्र झेड-इंडेक्स पाहत नाही, तो डॉमप्रमाणेच चालतो. पूर्ण झाकल्या गेलेल्या वस्तूवर फोकस आला तर ती निदान तेवढ्यापुरती पुढे दिसायला हवी. फोकस आल्यावर वस्तूला तात्पुरता मोठा आकडा आणि फोकस गेल्यावर यादीतला मूळ आकडा, एवढे केले की पुरते. आईने त्या बटणांनी सुपारीचा घोस घागऱ्यांच्या पुढे आणला आणि भाचीला फोनवर सांगितले, "आता बघ, बरोबर दिसते."