दुकानाचा फोन केबल कंपनीकडे न्यायचाय? आधी जुन्या लाईनवर काय काय लटकलंय ते बघा

अमेरिकेत छोटा धंदा चालवणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं असेल, केबल कंपनीचा माणूस दारात येतो, म्हणतो इंटरनेट आमचंच आहे ना तुमच्याकडे, मग फोनपण आमच्याकडून घ्या, बिल बरंच कमी होईल. आणि आठवड्याभरात फोन कंपनीचंही पत्र येतं की थांबा, आम्हीपण भाव कमी करतो. माझं चार माणसांचं टॅक्सचं ऑफिस आहे, सहा वर्षांपूर्वी मी फोन केबलवर नेला आणि मागच्या वर्षी एका मैत्रिणीच्या दातांच्या दवाखान्याचा नेऊन दिला. पहिल्या वेळी मी फक्त बिलाचा आकडा बघितला होता, दुसऱ्या वेळी आधी भिंतीवरच्या वायरी बघितल्या, आणि दोन्ही अनुभवांत जमीन-अस्मानाचा फरक पडला. म्हणून लिहितेय.

ही चढाओढ कुठून आली ते थोडक्यात सांगते, कारण घासाघीस करताना ते उपयोगी पडतं. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टने लोकल फोनमधली मक्तेदारी मोडायची वाट उघडली, आणि कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येईल ही सोयही त्याच कायद्यातून आली. लगेच १९९७ मध्ये कॉक्स या केबल कंपनीने कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत केबलवरून घरगुती फोन द्यायला सुरुवात केली. पण केबलचं जाळं मुळात टीव्हीसाठी, म्हणजे घरांपर्यंत टाकलेलं होतं, दुकानं आणि ऑफिसं असलेल्या बिल्डिंगांमध्ये कितीतरी ठिकाणी ते पोचलंच नव्हतं. त्यामुळे छोट्या धंद्यांकडे या कंपन्या नंतर वळल्या, आणि तिथे फोन कंपन्यांचं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं बसलेलं होतं. थोडक्यात, तुम्ही दोघांनाही हवे आहात.

म्हणून पहिला प्रश्न भावाचा नाही, केबल तुमच्या बिल्डिंगमध्ये आलीये का हा आहे. वेबसाईटवर पत्ता टाकला की "सेवा उपलब्ध" असं येतं, पण ते कधीकधी समोरच्या रस्त्यावरच्या खांबापर्यंतचं असतं. तिथून तुमच्या खोलीपर्यंत वायर आणायला पार्किंग लॉट खणावा लागला तर त्याचा खर्च कोणाचा? साईट सर्व्हे करून घ्या आणि बांधकामाचा खर्च किती, तो कोण भरणार हे लेखी मागा. जागा भाड्याची असेल तर मालकाची परवानगीही आधीच घ्या, नाहीतर सगळं ठरल्यावर तिथेच गाडं अडतं.

आता खरं काम. एक संध्याकाळ काढा, ऑफिस बंद झाल्यावर, आणि जुन्या फोन लाईनवर काय काय जोडलंय ते शोधा. टेबलावरचे फोन दिसतात, पण बाकीचं दिसत नाही. फॅक्स मशीन, कार्ड स्वाइप करायचं जुनं टर्मिनल, बर्गलर अलार्म, फायर अलार्म, लिफ्टमधला इमर्जन्सी फोन, दारावरचा इंटरकॉम. बिल पण घ्या हातात आणि त्यावरचा प्रत्येक नंबर मोबाईलवरून लावून बघा कुठे वाजतो. दवाखान्यात आम्हाला असा एक नंबर सापडला जो कुठेच वाजत नव्हता, वायर पकडत पकडत गेलो तर मागच्या स्टोअररूममध्ये कॅलेंडरच्या मागे अलार्मचा पत्र्याचा डबा होता आणि लाईन त्यात गेलेली. मैत्रीण दर महिन्याला त्या लाईनचे पैसे भरत होती आणि तिला वाटत होतं ती फॅक्सची आहे. ती वायर आम्हाला सापडली नसती तर तो नंबर आम्ही बंदच केला असता आणि दवाखाना रात्री बिनअलार्मचा राहिला असता.

अलार्मचं जरा नीट समजून घ्या. जुन्या पद्धतीत बाहेरून आलेली लाईन आधी आरजे३१एक्स नावाच्या जॅकमधून अलार्मच्या पॅनेलकडे जाते आणि मग तिथून तुमच्या फोनांकडे, म्हणजे कोणी फोनवर बोलत असलं तरी अलार्म वाजल्यावर पॅनेल लाईन हिसकावून घेऊ शकतं. केबलचा टेक्निशियन येतो तो मोडेम जिथे सोयीचा तिथे लावतो आणि फोन सरळ मोडेमला जोडून निघून जातो, पॅनेल मधल्यामधे तुटतं. माझ्या ऑफिसात नेमकं हेच झालं, पॅनेलवर पिवळा ट्रबलचा दिवा लागलेला होता आणि तीन आठवडे कुणाचं लक्षच नव्हतं. तेव्हा टेक्निशियनला तो जॅक बोट ठेवून दाखवा, जोडून झालं की अलार्म कंपनीला फोन करून टेस्ट सिग्नल पाठवा आणि त्यांच्याकडे तो पोचल्याचं त्यांच्याच तोंडून ऐका. फायर अलार्म असेल तर त्याहून आधी अलार्म कंपनी आणि गावच्या फायर मार्शलच्या ऑफिसला विचारा, तिथे काय चालतं काय नाही ते तेच ठरवतात, सेल्समन नाही.

फॅक्स हा माझ्या धंद्यात अजून जिवंत आहे आणि डॉक्टरांकडे तर आहेच. केबलच्या फोनवर फॅक्स चालतो पण कधीकधी पाच पानांपैकी तीनच पानं जातात. कंपनीला विचारा टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स नीट पाठवायची पद्धत) चालतं का, मशीनचा स्पीड सेकंदाला ९६०० बिटवर आणा, आणि तरी जमत नसेल तर डोकं न फोडता इंटरनेट फॅक्सची सर्व्हिस घ्या. कार्डचं टर्मिनल फोन लाईनवर असेल तर ते इथरनेटवर न्या, विषय संपला.

लोक मला विचारतात की इंटरनेट स्लो झालं की फोन तुटेल का. मोडेमच्या मागे जो फोनचा पोर्ट असतो त्यातून जाणाऱ्या कॉलसाठी केबल कंपनी स्वतःच्या जाळ्यात वेगळी वाट राखून ठेवते, त्यामुळे शेजारच्या खोलीत कोणी मोठी फाईल अपलोड करत असलं तरी आवाज सहसा तुटत नाही. एका कॉलला लागतात जेमतेम ८०-९० किलोबिट. पण तुम्ही क्लाउडवाले डेस्क फोन घेतले, जे तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कवरून चालतात, तर मात्र तुमचा राउटर आणि स्विच चांगला लागतो.

खरी अडचण विजेची आहे. जुन्या तांब्याच्या लाईनला फोन कंपनीच्या एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टचा पुरवठा यायचा, वादळात दिवे गेले तरी साधा फोन चालायचा. केबलचा मोडेम तुमच्या भिंतीवरच्या प्लगवर चालतो, वीज गेली की मोडेम गेला आणि फोनही गेला. मोडेममध्ये बॅटरी मिळते का आणि किती तास चालते ते विचारा, नाहीतर स्वतःचा यूपीएस लावा, आणि लावल्यावर भिंतीतला प्लग खरोखर उपसून एक कॉल करून बघा. बाहेरच्या लाईनची वीज जास्त वेळ गेली तर यूपीएस असूनही केबल बंद पडू शकते, म्हणून अशा वेळी कॉल आपोआप मोबाईलवर जातील असं फॉरवर्डिंग सेट करून ठेवा.

९११, म्हणजे अमेरिकेतला इमर्जन्सीचा नंबर, याबद्दल हयगय नको. तुमच्या नंबरबरोबर कंपनीकडे जो पत्ता नोंदलेला असतो तिथेच गाडी येते, म्हणून पत्त्यात सुइट नंबर (बिल्डिंगमधल्या तुमच्या ऑफिसचा नंबर), मजला सगळं बरोबर आहे का ते तपासा. आणि मल्टीलाईन सिस्टिम, म्हणजे एकाच ऑफिसात अनेक फोन-लाईनी जोडणारी यंत्रणा, नवीन घेत असाल तर बाहेर कॉल लावायला आधी ९ दाबायची जुनी सवय ९११ च्या आड येता कामा नये. २०१३ मध्ये टेक्सासमध्ये एका मोटेलच्या खोलीत कारी हंट हिच्यावर हल्ला झाला, तिची ९ वर्षांची मुलगी ९११ लावत राहिली पण आधी ९ न दाबल्यामुळे कॉल लागलाच नाही, आणि आई गेली. तिच्या नावाचा कारीज लॉ त्यातूनच आला, १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवलेल्या सिस्टिममधून सरळ ९११ लागलंच पाहिजे. हे इन्स्टॉलरकडून करून घ्या आणि ऑफिसातल्या सगळ्यांना सांगा.

आता भाव. दोन्ही कंपन्यांकडून एकाच आठवड्यात कोटेशन मागवा आणि एकाचं दुसऱ्याला दाखवा, यात लाजायचं काही नाही. बघायचं ते हे की पहिल्या वर्षाचा भाव संपल्यावर किती होणार, करार किती वर्षांचा, मधेच सोडला तर दंड किती, आणि करार आपोआप पुढे वाढतो का. बिलात खाली "रेग्युलेटरी रिकव्हरी फी" असं काहीतरी असतं, ते सरकारी टॅक्ससारखं दिसतं पण तो कंपनीने स्वतः लावलेला आकार असतो, त्यामुळे तो धरूनच बेरीज करा. लाईन किती घ्यायच्या यासाठी सगळ्यात गर्दीच्या दिवशी एकावेळी किती फोन चालू असतात ते मोजा, माझ्याकडे मार्चमध्ये तीन लागतात, एरवी एकसुद्धा पुष्कळ. आणि मुख्य नंबर बिझी असेल तर कॉल पुढच्या लाईनवर जातो, त्याला हंट ग्रुप म्हणतात, तो ऑर्डरमध्ये लिहिलेला आहे ना ते बघा.

नंबर नेताना एकच गोष्ट अगदी कळकळीने सांगते, जुनी लाईन स्वतः बंद करू नका. बंद केलीत तर नंबर हातातून जाऊ शकतो. आधी केबल कंपनीकडून तात्पुरता नंबर घ्या, जुन्या नंबरवरून तिकडे फॉरवर्ड लावा, आठवडाभर वापरून बघा, मगच पोर्टिंगची, म्हणजे जुना नंबर नव्या कंपनीकडे नेण्याची, ऑर्डर द्या. जुन्या कंपनीकडून कस्टमर सर्व्हिस रेकॉर्ड, म्हणजे तुमच्या खात्याची त्यांच्याकडची नोंद, मागवा आणि त्यात नाव, पत्ता, अकाउंट नंबर जसा आहे अगदी तसाच फॉर्ममध्ये भरा, "स्ट्रीट" ऐवजी भलतंच लिहिलं किंवा अकाउंट अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर ऑर्डर परत येते. एका साध्या लाईनला एफसीसीच्या (टेलिकॉमवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या) नियमाप्रमाणे एक कामाचा दिवस पुरतो, पण चार-पाच लाईन, हंट ग्रुप असं असेल तर जास्त दिवस धरा. या मधल्या काळात जुन्या कंपनीने ती पोर्टिंगची माहिती वापरून तुम्हाला परत ओढायचं नसतं, २००८ मध्ये केबल कंपन्यांच्याच तक्रारीवर एफसीसीने व्हेरायझन या फोन कंपनीविरुद्ध तसा निकाल दिलाय आणि पुढच्या वर्षी कोर्टानेही तो उचलून धरला.

पोर्टिंगच्या दिवशी जुना फोन आणि नवा फोन शेजारी शेजारी ठेवा. काही तास असे जातात की मोबाईलवरून लावलं तर नवा वाजतो आणि कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून लावलं तर जुनाच वाजतो. घाबरू नका, दोन्ही उचला. जुन्या व्हॉइसमेलमधले मेसेज आदल्या दिवशीच उतरवून घ्या, ते नव्या कंपनीकडे येत नाहीत. गर्दीच्या दिवसात हे करूच नका, मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केलं होतं आणि दोन क्लायंटना वाटलं ऑफिस बंद पडलं.

नंबर नव्या कंपनीकडे पूर्ण गेल्यावर जुन्या कंपनीच्या बिलावर अजून काय उरलंय ते बघा, कारण पोर्ट झालेल्या नंबरची जुनी लाईन बंद होते पण बाकीच्या लाईनी चालूच राहतात आणि त्यांचं बिल येत राहतं. त्या आता फोन करून बंद करा, आणि नव्या करारात नोटीस किती दिवस आधी द्यायची ते वाचून ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका.