जुनी मॅच एअर रायफल: घ्यायची कशी, उघडायची कशी आणि कुठे हात लावायचा नाही

पहिली जुनी मॅच रायफल, म्हणजे १० मीटरच्या नेमबाजी स्पर्धेसाठी बनवलेली एअर रायफल, कुठली घ्यावी असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे, फाइनवर्कबाउ ३०० एस. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ आम नेकारची कंपनी, सत्तरच्या दशकातली रायफल, बाजूला लिव्हर, आत स्प्रिंग, आणि तरीही बार उडताना खांद्याला काहीच जाणवत नाही. ते कसं होतं हे आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. साध्या स्प्रिंग गनमध्ये पिस्टन पुढे सुटला की बंदूक मागे येते आणि पिस्टन टोकाला पोचला की परत पुढे झटका देते, आणि हे दोन्ही धक्के पेलेट (शिशाची छोटी गोळी) नळीतून बाहेर पडायच्या आत होऊन जातात, म्हणून तुमचा धरण्यातला जरासा फरकही टार्गेटवर दिसतो. ३०० एसमध्ये नळीसकट बार उडवणारी सगळी यंत्रणा, म्हणजे अॅक्शन स्टॉकच्या (खांद्याला लावायच्या लाकडी भागाच्या) आत रुळांवर बसवलेली आहे, ट्रिगर दाबला की ती मोकळी होते आणि काही मिलिमीटर मागे सरकते, स्टॉक मात्र जागेवर. स्प्रिंगही दोन आहेत, उलटसुलट पिळाच्या, त्यामुळे पीळ सुटताना बंदूक आडवी फिरत नाही. नव्वदच्या दशकात कॉम्प्रेस्ड एअरच्या रायफली आल्या आणि ही मंडळी स्पर्धेतून बाहेर गेली, पण १० मीटरवर चांगली पेलेट घातली तर आजही ती एकाच भोकात ग्रुप (एकामागून एक मारलेल्या बारांचा पुंजका) मारते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. डायना ६५, ६६ आणि ७५ मध्ये गिस सिस्टीम आहे, दोन पिस्टन एकाच वेळी विरुद्ध दिशेला धावतात आणि गिअरने जोडलेले असतात. डोकं अफाट लावलंय, पण परत जोडताना दोन्ही पिस्टनचं टायमिंग जुळवावं लागतं आणि जुनी सील्स आतल्या आत भुगा होऊन बसलेली असतात, त्यामुळे ही दुसरी किंवा तिसरी रायफल म्हणून घ्या. वाल्थर एलजीआर (१९७४) आणि नंतरची फाइनवर्कबाउ ६०० (१९८४) या सिंगल स्ट्रोक, स्प्रिंगच नाही, लिव्हर एकदा ओढला की हवा दाबून भरली जाते, इथे सगळा जीव ओ-रिंग आणि सीलमध्ये. वाईराउख एचडब्ल्यू ५५ आणि वाल्थर एलजीव्ही या नळी सांध्यावर खाली वाकवून भरायच्या, साध्या आणि देखण्या, पण धक्का देतात. ३०० एसचा मोठा फायदा हा की तिच्या पिस्टनवर स्टीलची रिंग आहे, प्लास्टिकचं सील नाही, म्हणून पन्नास वर्षांनीही ती कुजत नाही.

आता घेताना काय बघायचं. सगळ्यात आधी डायॉप्टर साइट (डोळ्याजवळची बारीक छिद्राची मागची साइट) सोबत आहे का ते विचारा! नुसती रायफल स्वस्तात दिसते आणि मग मूळ साइट वेगळी शोधताना रायफलीच्या किमतीचा चांगला मोठा हिस्सा तिथे जातो, हे इतक्या जणांच्या बाबतीत होतं की मी हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारतो. पुढच्या साइटच्या टनेलमधल्या रिंगा, बट प्लेट (स्टॉकच्या मागची खांद्याला टेकणारी पट्टी) आणि तिचे स्क्रू, सगळं मोजून घ्या. मग स्क्रूंची तोंडं बघा, खाचा खाल्लेल्या असतील तर कोणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने आत जाऊन आलेलं आहे. लिव्हर ओढताना करकर येते का, रुळांवर अॅक्शन मोकळी सरकते का की चिकटून थांबते ते बघा. नळीचं पुढचं तोंड टॉर्चने तपासा, तिथे ओरखडा असेल तर सोडून द्या. स्टॉकवरचे डाग, पुसट झालेलं ब्लुइंग (लोखंडावरचा निळसर काळा थर), याने घाबरायचं कारण नाही, त्यावर भाव मात्र नक्की करा.

कायद्याचं आधी उरका. जर्मनीत पंचकोनातल्या एफ खुणेची, म्हणजे ७.५ जूलच्या (बाराच्या ताकदीचं माप) आतली एअर रायफल १८ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय घेता येते. इंग्लंडमध्ये १२ फूट-पाउंडच्या (तिकडचं ताकदीचं माप) आत परवाना लागत नाही, पण स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या शेवटापासून लागतो, तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी हा फरक लक्षात ठेवा. भारतात आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० जूलच्या आतली एअर रायफल परवान्याबाहेर आहे, मात्र परदेशात घेतली आणि बॅगेत टाकून पुण्याला आणली असं होत नाही, आयातीचे नियम वेगळे आणि कडक आहेत, नामांकित नेमबाजांना जी सवलत आहे ती तुम्हाआम्हाला नाही. भारतात असाल तर क्लबमध्ये विचारा, नेमबाजी सोडलेल्यांच्या घरी जुन्या रायफली पडून असतात.

घरी आणली की लगेच उघडू नका. आधी मोजा. क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजायचं यंत्र) मिळवा आणि ०.५३ ग्रॅमच्या सपाट तोंडाच्या पेलेटने दहा बार मारा. वेग सेकंदाला १६५ ते १७५ मीटरच्या आसपास आणि सगळ्यात जास्त नि सगळ्यात कमी यात ३-४ मीटरचा फरक असेल तर आतलं सगळं ठीक आहे, बाहेरून पुसा आणि वापरायला लागा. वेग कमी आणि वरखाली होत असेल तर पहिला संशय ब्रीच सीलवर, म्हणजे नळीच्या मागच्या, पेलेट भरायच्या तोंडावरच्या सीलवर. टिश्यू पेपरची बारीक पट्टी ब्रीचच्या सांध्यावर अलगद ठेवा, पेलेट भरून पेलेट ट्रॅपमध्ये बार मारा (डोळ्याला चष्मा हवाच), पट्टी उडाली तर हवा तिथून गळतेय. हे सील स्वस्त आहे, बदलायला सोपं आहे, आणि कित्येकदा तेवढ्यानेच रायफल परत जिवंत होते.

एक गोष्ट ठासून सांगतो. ३०० एसचा सिलिंडर मागे सरकून ब्रीच उघडतो आणि पेलेट ठेवताना तुमचं बोट नेमकं त्याच्या वाटेत असतं, म्हणून पेलेट बसेपर्यंत दुसऱ्या हाताने लिव्हर धरून ठेवायचाच, रायफलीत कॅच (सिलिंडर अडवून धरणारा खटका) असला तरी. जुन्या कॅचवर बोट लावून पैज घेऊ नका.

आतलं काम करायचंच असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो, स्प्रिंग दाबाखाली असते आणि एंड कॅप मोकळी झाली की सुटून तोंडावर येऊ शकते. कॉम्प्रेसर नसेल तर जाणकाराकडे द्या, यात कमीपणा काही नाही. प्रत्येक भाग काढायच्या आधी आणि काढल्यावर फोटो, स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं, तेच निम्म्या तक्रारींचं मूळ, ते पूर्ण काढा. मग मॉलिब्डेनम ग्रीस अगदी पातळ, बोटावर घेऊन पुसून टाकल्यावर जेवढं उरेल तेवढंच, पिस्टनच्या बाजूंना आणि रुळांना. पिस्टनच्या पुढे, जिथे हवा दाबली जाते तिथे, साधं मशीन ऑइल चुकूनही नको, दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेतं, आवाज मोठा येतो, वेग उड्या मारतो आणि सीलची वाट लागते. सिंगल स्ट्रोकवाल्यांनी ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. जोरदार स्प्रिंग टाकून ताकद वाढवायचा मोह खूप जणांना होतो. करू नका, ही रायफल हळुवार बारासाठीच बनवलीय, रुळांवर मागे सरकण्याचं गणित बिघडतं आणि ग्रुप उघडतो, वर जर्मनीत असाल तर ७.५ जूलच्या पुढे गेल्यावर कायद्याचाही प्रश्न.

नळीत पितळी ब्रश घालू नका, फेल्टचे साफ करायचे पेलेट किंवा पुल-थ्रू (कापड लावून नळीतून ओढायची दोरी) ब्रीचकडून घाला आणि बास. गंजाचे बारीक ठिपके हलक्या तेलात भिजवलेल्या ०००० नंबरच्या स्टील वुलने जातात, हात हलका ठेवा. पूर्ण नवीन ब्लुइंग मी करत नाही, मूळ खुणा आणि अक्षरं पुसट होतात आणि संग्रहाची किंमत तिथेच जाते.

अक्रोडाच्या स्टॉकला खड्डा पडलेला असेल तर ओला सुती कपडा ठेवून वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवा, वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात, दोनतीनदा करावं लागतं. याने जुनं पॉलिश थोडं पांढुरकं पडू शकतं, ते धरूनच चला. नंतर अळशीच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात वाळू द्यायचा. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात, उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका. पकडीवरच्या खरबरीत ठिपक्यांना सँडपेपर लावाल तर ते परत येत नाहीत.

बदल करायचे तर एकच नियम, परत मूळ करता आलं पाहिजे. मुलांसाठी स्टॉक कापायचा नाही, जुना स्टॉक जपून ठेवायचा आणि ज्युनियरचा वेगळा शोधायचा किंवा जुन्या तुटक्या स्टॉकवर काम करायचं. उंच माणसासाठी बट प्लेटच्या मागे स्पेसर टाका. वजनाकडे लक्ष द्या, १० मीटरच्या स्पर्धेत ५.५ किलोची मर्यादा आहे, आणि बारा वर्षांच्या पोरीच्या हातात तर साडेचार किलोही जड पडतात, मागे ओढली जाऊन कंबर वाकते. चाळिशीनंतर पुढची रिंग धूसर दिसायला लागली की मागच्या साइटला छिद्र कमीजास्त होणारं आयरिस बसवा आणि पुढे थोडी मोठी रिंग टाका, काळ्या गोलाभोवती पांढरं मोकळं दिसलं पाहिजे, घट्ट रिंगेत डोळा फसतो. स्कोप लावायचा तर ११ मिलिमीटरच्या खाचेत बसणारे माउंट घ्या, छिद्र पाडू नका, आणि स्कोपचा फोकस १० मीटरपर्यंत खाली येतो का ते बघून घ्या, बहुतेक स्वस्त स्कोप तिथे धूसर असतात. ३०० एसवर स्कोपही अॅक्शनबरोबर मागे सरकतो, तेव्हा डोळा चिकटवून बसू नका.

शेवटी पेलेट. दोनतीन वेगवेगळ्या डब्या घ्या, ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर अशा हेडच्या (पेलेटच्या तोंडाच्या) मापांच्या, रायफल टेकवून प्रत्येकीचे पाचपाच बारांचे चारपाच ग्रुप मारा आणि जी जमते तीच भरपूर घेऊन ठेवा. पेलेट न भरता रिकामा बार स्प्रिंगच्या रायफलीत मारायचा नाही, आणि कुठलीच रायफल कॉक करून (बारासाठी ताणून) ठेवायची नाही. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर फोमच्या बॅगेत बंद करून ठेवू नका, फोम ओल धरतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, तेलाचा हात फिरवून कुलूपबंद कपाटात सिलिका जेलसोबत ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा काढून पुसा.