जीवाश्म दातांवरून मानवाचे पूर्वज ओळखताय? या चुका टाळा

हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांमधला जीवाश्म दात तळहातावर आला की नवशिके एकच विचारतात, "मॅडम, माणसाचा पूर्वज असेल का हो?" माझं उत्तर इतक्या वर्षांत बदललेलं नाही. आधी तो डुकराचा नाही हे दाखवा, मग पूर्वजांकडे वळू.

यात कुणाचा हिरमोड करायचा हेतू नाही. इनॅमल, म्हणजे दातावरचं पांढरं कवच, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. हाडं मातीला मिळतात, दात उरतात. जायगँटोपिथेकससारख्या अवाढव्य कपीचेसुद्धा (कपी म्हणजे ओरांगउटानसारखं बिनशेपटीचं वानर) आजवर फक्त सुटे दात आणि मोजके खालचे जबडेच हाती लागलेत. म्हणजे दात नीट वाचता आला नाही तर पुढचं सगळंच चुकतं, आणि चुका बघाव्यात तर त्याच त्या.

झिजलेल्या दाढेला घाईने नाव देणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. हिमाचलमध्ये हरितल्यांगरजवळ हिवाळ्यात काम चालू होतं. आमच्या तुकडीतल्या एका मुलाने ओढ्याकाठी दाढ उचलली. लांबी बारा मिलिमीटरच्या आसपास. चार उंचवटे घासून सपाट झालेले, त्यांच्या जागी डेंटीनचे, म्हणजे इनॅमलखालच्या थराचे, तपकिरी खळगे, मागे पाचवा बारीकसा. खालच्या दाढेवर पाच उंचवटे आणि त्यांच्यामध्ये इंग्रजी 'वाय'सारखी खाच म्हणजे कपी, हे पोरं पाठ करूनच आलेली. दाढेची खालची बाजू मात्र वाळूखडकात घट्ट बसलेली.

मुळं दिसेपर्यंत कुणी नाव घेऊ नका, असं मी बजावलं होतं. संध्याकाळपर्यंत फोटो दोन-तीन ग्रुपवर गेला आणि तिसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात 'आदिमानवाचा दात' छापून आला. मी तेव्हा मायक्रोस्कोपखाली सुईने एकेक कण सोडवत बसले होते. एक मूळ दिसलं, मग दुसरं, तिसरं, चौथं. कपीच्या आणि माणसाच्या खालच्या दाढेला सहसा दोनच मुळं असतात, एक पुढे, एक मागे, दोन्ही चपटी. इथे चार सुटी. मग माथा पुन्हा पाहिला तर उंचवट्यांच्या मधोमध बारक्या मण्यांच्या झिजलेल्या खुणा होत्या, डुकराच्या दाढेत असतात तशा. त्या मुलाने पुढे शिवालिकचं नाव काढलं नाही. चांगली नजर होती त्याची. मला ते अजून लागतं.

अशी घाई मोठमोठ्यांनीही केली आहे. अमेरिकेत नेब्रास्कात हॅरल्ड कुक यांना १९१७ मध्ये एक झिजलेला दात मिळाला. १९२२ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ हेन्री फेअरफील्ड ऑसबॉर्न यांनी त्यावरून 'हेस्परोपिथेकस' हे नाव जाहीर केलं, अमेरिकेतला पहिला मानवसदृश कपी म्हणून. पुढे त्याच जागी आणखी खोदकाम झालं आणि १९२७ मध्ये ऑसबॉर्न यांचे सहकारी विल्यम किंग ग्रेगरी यांनी दावा मागे घेतला. दात पेकरीचा होता, म्हणजे डुकराच्या जवळच्या प्राण्याचा. याच कुक यांनी १९०९ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ मॅथ्यू यांच्याबरोबर लिहून ठेवलं होतं की या पेकरींच्या दाढा कपींच्या दाढांशी चकित करण्याइतक्या जुळतात आणि अनोळखी माणूस सहज फसेल. इशारा तेरा वर्षं आधी छापलेला होता!

माझी सवय सांगते. नाव उच्चारण्याआधी तीन पेन्सिल-चित्रं काढायची, वरून, बाजूने आणि खालून. फोटो चालत नाही, कारण कॅमेरा बघतो तेव्हा आपण बघणं सोडतो. छोटा टॉर्च दाताच्या पातळीवर आडवा धरायचा, खाचा सावलीत उठून दिसतात. चकाकी आड येत असेल तर अमोनियम क्लोराइडचा पांढरा धूर हलकेच बसवायचा, पण आधी हा दात ते सोसेल का ते तपासून. आणि टेबलाच्या पहिल्या खणात डुक्कर, अस्वल, माकड यांच्या झिजलेल्या दाढांचे साचे. ताज्या, सुबक दाढांचे साचे तुलनेला फारसे कामाचे नाहीत, जमिनीतून मिळणारी दाढ तशी क्वचितच असते.

जाड इनॅमल दिसलं की माणूस!

याची किंमत तर सबंध शास्त्राने मोजली. १९३२ मध्ये जी. एडवर्ड लुईस यांना याच हरितल्यांगर परिसरात वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला, त्याला त्यांनी 'रामापिथेकस' नाव दिलं. १९६१ मध्ये एल्विन सायमन्स यांनी तो मानवी वंशात बसवला. आधार काय, तर लहान सुळा असावा असा अंदाज, इनॅमल जाड, आणि दातांची कमान माणसासारखी गोलाकार. पण त्या तुकड्यात जबड्याची मधली रेषाच शिल्लक नव्हती, कमान अंदाजाने पुरी केलेली. १९६७ मध्ये सारिच आणि विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांवरून माणूस आणि आफ्रिकी कपी साधारण पन्नास लाख वर्षांपूर्वीच वेगळे झाले असं मांडलं, तेव्हा दातवाल्यांनी ते उडवून लावलं. मग पाकिस्तानातल्या पोतवार पठारावर शिवापिथेकस या प्राचीन कपीचा चेहरा मिळाला, १९८२ मध्ये डेव्हिड पिलबीम यांनी तो प्रसिद्ध केला, आणि तो ओरांगउटानच्या वळणाचा निघाला. आज रामापिथेकस शिवापिथेकसमध्येच धरतात. त्यातले कित्येक 'रामापिथेकस' म्हणजे लहान चणीच्या माद्या.

जाड इनॅमल कठीण अन्न चावण्यासाठी वेगवेगळ्या वंशांत वेगवेगळं उगवतं. एकटं ते नातं सांगत नाही. माझ्या वहीत एका दातासमोर किमान चार खुणा लिहिल्याशिवाय 'कोण' हा रकाना भरत नाही.

बाकीच्या

दुधाची दुसरी दाढ हुबेहूब लहान पहिल्या कायम दाढेसारखी दिसते. इनॅमल पातळ आणि मुळं बाहेर फाकलेली असतील तर बाळाचा दात म्हणून बघा, 'बुटकी जात' म्हणून नव्हे.

शेजारच्या दाताशी घासून दाढ लांबीला कमी होते. कडेचा सपाट ठिपका न पाहता घेतलेली लांबी चुकीचीच.

चार उंचवटे आणि दोन आडवे कंगोरे म्हणजे आशिया-आफ्रिकेतलं माकड. इथे फार वेळ घालवू नका.

दक्षिण चीन आणि आग्नेय आशियातल्या गुहांत ओरांगउटान आणि होमो इरेक्टस हा प्राचीन मानव यांच्या सुट्या, झिजलेल्या दाढांनी भल्याभल्यांना चकवलं आहे. सुरकुतलेला माथा ओरांगचाच असं धरून चालू नका. मायक्रो-सीटीत, म्हणजे अतिसूक्ष्म क्ष-किरण स्कॅनमध्ये, इनॅमलखालचा डेंटीनचा माथा पाहायला मिळाला तर तो पाहा. मिळत नसेल तर लेबलवर प्रश्नचिन्ह ठेवा. प्रश्नचिन्हाची लाज वाटणारे लोक मला कळत नाहीत.

चीनमधल्या लाँगुपो गुहेतला जबड्याचा तुकडा १९९५ मध्ये प्राचीन मानवाचा म्हणून 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. त्या लेखाच्या लेखकांपैकीच रसेल सियोकॉन यांनी २००९ मध्ये त्याच 'नेचर'मध्ये लिहिलं की तो माणूस नाही, एक अनोळखी कपी आहे. त्यांचा तो मजकूर मी दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी वाचायला देते, सुई आणि भिंग हातात देण्याआधी.