गाडीच्या विद्युत बिघाडाचा शोध घेताना या चुका टाळा

गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड दाखवणारा स्कॅनर जोडायचा, आलेला कोड वाचायचा आणि त्या नावाचा सुटा भाग मागवायचा, ही सवय ग्राहकाला आणि मेकॅनिकला सारखीच महाग पडते. ‘पी ०३४०’ हा कोड कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष असल्याचे सांगतो. आणि सर्किट म्हटले की सेन्सरसोबत कनेक्टर, वायर, अर्थिंग आणि ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) हे सगळेच आले.

कोडच्याही आधी बॅटरी तपासावी. पूर्ण चार्ज होऊन काही तास तशीच राहिलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळायला हवेत. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्या बराच खाली जात असेल, तर निरनिराळी मॉड्यूल (गाडीतील छोटे नियंत्रक संगणक) एकमेकांशी संपर्क तुटल्याचे कोड नोंदवतात आणि गाडीत दहा बिघाड असल्याचा भास होतो. असे कोड लिहून घ्यावेत, बॅटरीचे काम उरकून ते पुसावेत आणि जे पुन्हा उमटतील त्यांच्याच मागे लागावे.

सर्वांत जास्त वेळ मात्र लोड न देता, म्हणजे सर्किटमधून करंट वाहत नसताना, केलेल्या मोजणीत वाया जातो. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत हेडलाइट लावताच एबीएसचा (ब्रेक मारताना चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा उजळत असे, आणि आधीच्या गॅरेजने एबीएसचे मॉड्यूलच बदलायला सांगितले होते. दिवे बंद ठेवून अर्थिंग मोजले, तेव्हा मीटरने ०.२ ओहम दाखवले. एवढा रोध तर मीटरच्या वायरींचाच असतो, म्हणून तो कोणीही सोडून देईल. पण ५५ वॉटचे दोन बल्ब मिळून सुमारे ९ अँपिअर करंट घेतात, आणि ०.२ ओहममधून ९ अँपिअर वाहिले की १.८ व्होल्ट तिथेच खर्च होतात. दिवे लावून मीटरचे एक टोक मॉड्यूलच्या अर्थिंगवर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवले, तेव्हा नेमका जवळपास तेवढाच आकडा दिसला; तो ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत असायला हवा होता. दिवे आणि मॉड्यूल या दोघांच्या सामाईक अर्थिंग बोल्टखाली गंज धरला होता. तो घासून काढायला दहा मिनिटे लागली.

रात्रीत बॅटरी उतरत असेल, तर बॉनेट उघडल्याबरोबर अँपिअर मोजू नयेत. गाडी लॉक करून मॉड्यूल झोपेपर्यंत थांबावे. त्याला अर्धा तास, काही गाड्यांत त्याहून अधिक वेळ लागतो. कीलेस गाडीची चावी खिशात ठेवून जवळ उभे राहिलो, तर गाडी झोपत नाही, हे मीही एकदा तासभर घालवून शिकलो. त्यानंतर साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट वाहत असेल, तर एकेक फ्यूज उपसू नये, कारण त्याने मॉड्यूल पुन्हा जागी होतात. फ्यूजच्या माथ्यावरील दोन उघड्या टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजले, की करंट कोठून जातो ते कळते.

कॅन लाइनचा (मॉड्यूलना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन वायरींचा) संशय असेल, तर बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात त्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजावा. ६० ओहम ठीक. १२० आल्यास एक टर्मिनेटर (लाइनच्या टोकाचा रोध) किंवा वायर तुटलेली असते. मध्ये गेटवे (संदेश पुढे पाठवणारे मॉड्यूल) असलेल्या गाड्यांत हा आकडा फसवू शकतो, म्हणून वायरिंगचा नकाशा आधी पाहावा.

एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरवर ओहममीटर कधीही लावू नये. वायरीच्या आवरणात सुई खुपसून मोजणेही टाळावे. आपल्या पावसात त्या छिद्रातून पाणी शिरून तांबे हिरवे पडते आणि पुढच्या वर्षी तीच गाडी नव्या बिघाडासह परत येते.