झिजलेल्या लाल जमिनीत खत लागू पडत नाही? या चुका टाळा

वर घनदाट जंगल होतं म्हणजे खालची जमीन कसदारच असणार, हा समज सगळ्यात घातक. उष्ण, अतिपावसाच्या प्रदेशांतल्या या जुन्या जमिनींतून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश केव्हाच धुऊन गेलेलं असतं. उरतात केओलिनाइट (एक प्रकारचं चिकणमातीचं खनिज) आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, ज्यांची अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद फार थोडी. जी काही ताकद असते ती मुख्यतः वरच्या सेंद्रिय कर्बात. म्हणून काडीकचरा जाळू नका. राखेवर एखाद-दोन हंगाम पीक तरारतं, मग उत्पन्न कोसळतं.

पीक खुरटलं की खत वाढवायचं, ही सवयही महागात पडते. आधी एक रोप अलगद उपटून मुळं धुवून बघा. आखूड, जाडसर, टोकाला तपकिरी आणि तंतुमुळं जवळपास नाहीतच, असं दिसलं तर ॲल्युमिनियमच्या विषबाधेचा दाट संशय घ्या आणि मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लता) तपासा. सामू साधारण 5.5 च्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळू लागतं. असली मुळं खत उचलणार तरी कशी? पेरणीच्या महिना-दोन महिने आधी चुनखडीची भुकटी मातीत नीट मिसळा. मॅग्नेशियमही कमी असेल तर डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियमयुक्त चुनखडी. मात्र सामू 7 पर्यंत न्यायचा हट्ट धरू नका, बहुतेक पिकांना 5.5 ते 6 पुरतो. चुना जास्त झाला की जस्त, मँगेनीज, बोरॉन पिकाला मिळेनासं होतं. चुना खोलवर उतरत नाही. खालच्या थरातल्या ॲल्युमिनियमवर जिप्समचा उपयोग होतो, पण जिप्सम सामू वाढवत नाही.

स्फुरद (फॉस्फरस) शेतभर फोकून देऊ नका. ऑक्साइडं ते घट्ट पकडून ठेवतात आणि मक्याची खालची पानं जांभळट पडतात. ते ओळीत, बियाण्याच्या जवळ पेरून द्या. ब्राझीलच्या सेराडो या गवताळ-झुडपी प्रदेशात 1970 च्या दशकापासून चुना आणि स्फुरदाच्या जोरावरच मोठी शेती उभी राहिली, तेव्हा या जमिनींना नापीक म्हणून सोडून देणं मला पटत नाही. नत्र आणि पालाश हप्त्याहप्त्याने द्या.

चिमटीत माती रवाळ लागली म्हणून तिला वाळूसर समजू नका. ओली करून थोडा वेळ मळा, चिकट होत जाईल. चिकणमातीचेच ते घट्ट कण असतात. निचरा छान होतो, पण पाऊस उघडला की पीक लवकर सुकतं. आच्छादन हवंच.

काही ठिकाणी खाली लोहयुक्त मऊ थर असतो. तो उघडा पडून वारंवार ओला-सुका झाला की दगडासारखा होतो आणि पुन्हा मऊ होत नाही. सपाटीकरणाआधी खड्डा घेऊन तो किती खोल आहे ते बघा.